मुरघासवाले चाचा

चाचा गाडी मागे घेत नसत. एकदा पुढे निघालेलं चाक उलटं फिरवायचं नाही, हा त्यांचा नियम होता आणि तो त्यांनी आमच्या कार्यालयाच्या जीपलाही लावला होता. नसरापूरच्या बाजारात चुकून एखाद्या बंद बोळात शिरलो, तर दुसरा ड्रायव्हर सरळ मागे येऊन मोकळा झाला असता. चाचा खाली उतरत, बोळाच्या टोकाच्या घराची कडी वाजवत आणि विचारत, "परसातनं गाडी जाईल का हो?" बहुतेक वेळा जायची. वाळत घातलेली धुणी बाजूला करून, कोंबड्या हुसकून, त्या घरचा चहा पिऊन आम्ही पलीकडच्या रस्त्याला लागायचो.

कारण विचारलं की दर वेळी नवं मिळायचं. मला म्हणाले, "ताई, गाडीला मागं डोळं न्हाईत." साहेबांना सांगितलं, "रिव्हर्सला डिझेल लई पितिया." चहाच्या टपरीवर एकदा अगदी गंभीर होऊन म्हणाले, "आमच्या अब्बांनी सांगितलेलं, आल्या वाटंनं परत फिरायचं न्हाई, वाटंला राग येतो." शेवटी भोरला त्यांच्या घरी गेले तेव्हा चाचींनाच विचारलं. त्या भाकरी थापता थापता म्हणाल्या, "मान वळत न्हाई त्यांची. पर मरतील, कबूल न्हाई करायचे."

नव्वदचं दशक तेव्हा सरत आलं होतं. मी एका दूध संस्थेच्या चारा योजनेत नव्यानेच लागले होते आणि चाचा त्या योजनेच्या जीपवर होते. भोर आणि वेल्ह्याच्या गावांत जाऊन लोकांना मुरघास शिकवायचा, एवढंच काम. हिरवा चारा फुलोऱ्यात असताना कापायचा, थोडा सुकवायचा, बारीक कुट्टी करायची, खड्ड्यात दाबून दाबून भरायची आणि वर प्लॅस्टिकचा कागद टाकून माती लोटायची. आत हवा राहिली नाही, तर चारा लोणच्यासारखा मुरतो आणि उन्हाळ्यात गुरांना मिळतो. हवा राहिली, तर सडतो. सांगायला सोपं होतं. पण ज्या डोंगरात पावसाळ्यात गवत माणसाच्या डोक्यावर जातं, तिथे ते खड्ड्यात पुरून ठेवा म्हणणारी माणसं वेडीच वाटणार.

मला कामाच्या याद्या करायची सवय आहे. कागद, गूळ, कोयते, दोरी, बियाणं. गाडीत काय चढवायचं ते मी आदल्या दिवशीच लिहून ठेवत असे. चाचा माझी यादी हातात घेऊन लांब धरत, डोळे बारीक करत आणि म्हणत, "समदं हाय. भूक लागल्याव काय खायाचं ते न्हाई." मग त्यांच्या सीटखालच्या डब्यातून खजूर निघायचा.

त्यांचं दुसरं वेड म्हणजे वास. ते प्रत्येक गोष्ट आधी हुंगत. दुधाचा कॅन, गवताची पेंढी, नवीन आलेल्या साहेबांचा कोटसुद्धा. जीपच्या आरशाला ते लिंबू-मिरची नाही, तर गवताची जुडी बांधत. आज मारवेल, पुढच्या आठवड्यात पवना, मध्येच कुठून तरी आणलेलं हत्ती गवत. ती वाळत गेली की तिचा वास कसा बदलतो, हे मला रोज ऐकावं लागे. नाकावर त्यांचा इतका विश्वास होता की ते चुकलं तरी ऐकत नसत. एकदा त्यांनी जाहीर केलं की एका कॅनमधल्या दुधाला कांद्याचा वास आहे. सगळे कॅन उतरवून उघडले. गवळी चिडले, उशीर झाला. अखेर कांद्याची पात सापडली ती चाचांच्याच पिशवीत, चाचींनी मागवलेली. चाचा जराही शरमले नाहीत. "म्हंजी वास हुता ना?" एवढंच म्हणाले.

मुरघासाचा पहिला खड्डा आम्ही शिवऱ्याला केला, हमरस्त्याच्या कडेला. लांबट चर होता, दोन्ही टोकांना उतार. कुट्टी भरली की तिच्यावरून ट्रॅक्टर पुढे-मागे फिरवून ती दाबायची, असं ठरलं होतं. ऐन वेळी ट्रॅक्टर नादुरुस्त झाला. चाचा म्हणाले, "जीप हाय की." त्यांनी आधी चारही चाकं घासून धुतली, स्वतःच्या पंच्याने पुसली, एकेक हुंगून पाहिलं आणि मगच गाडी चरात घातली. कुट्टी दाबत दाबत पलीकडच्या टोकाने बाहेर काढली. आता मागे यायला हवं होतं.

चाचा मागे आले नाहीत. ते सरळ पुढे गेले. शाळेवरून, पाराला वळसा घालून, हमरस्त्यावरून परत चराच्या पहिल्या तोंडाशी. तिथे पुन्हा उतरले, चाकं धुतली, पुसली, हुंगली. असं दुपारभर चाललं. शाळा सुटली, तेव्हा अख्खी शाळा चराच्या काठावर बसलेली. गावकऱ्यांना वाटलं, मुरघासाची रीतच अशी आहे, गावाला प्रदक्षिणा घालायची. पुढच्या वर्षी तिथल्या एकाने स्वतःचा खड्डा भरला, तेव्हा त्यानेही ट्रॅक्टर गावातून फिरवून आणला. मी समजावायला गेले, तर तो म्हणाला, "मॅडम, तुमचाच डायवर शिकवून गेलाय."

लोकांना मिश्रण समजावताना मी माझ्या प्रशिक्षणातलं सांगायचे. नुसत्या गवताने पोट भरतं, पण कस येत नाही. म्हणून चवळी, स्टायलो असा शेंगांचा चारा त्यात घालायचा. नुसती चवळी दाबली, तर तिच्यात साखर कमी, ती सडायला बसते. म्हणून गवताचे दोन वाटे, चवळीचा एक, आणि वर गुळाचं पाणी. माणसं जांभया द्यायला लागली की चाचा मागून म्हणत, "गवत म्हंजी नवरा. चवळी बायको. गूळ म्हंजी सासू. सासू गोड असली तर संसार मुरतो, न्हाईतर सडतो." बायका हसून लोळायच्या. त्यातल्या एखादीची सासू शेजारीच बसलेली असायची.

पासलीच्या वरच्या अंगाला एक वाडी आहे. तिथल्या यमुनेची सासू अशीच शेजारी बसली होती आणि ती हसली नव्हती. "आमच्यात सासूला खड्ड्यात घालत न्हाईत, डायवर," ती म्हणाली. चाचांनी कान पकडले. "चुकलं, मावशी." त्या दिवसापासून म्हातारीने त्यांना धारेवर धरलं. चाचांनाही ते आवडत असावं, कारण पासलीची फेरी म्हटली की ते सकाळीच दाढी करून येत.

यमुनेचा नवरा किसन पुण्यात हमालीला होता. घरात ती, सासू आणि एक गाभण कालवड. ती वैशाखात विणार होती. वाडीची अडचण अशी की पावसाळ्यात गवत उदंड, पण दिवाळीनंतर डोंगर पिवळा पडतो, शिमग्यापर्यंत वणव्यात जातो आणि मग भाताच्या पेंढ्यावर जनावर धरत नाही. म्हणून दर साली शिमगा झाला की गुरं विकत घेणारा हेडी वर येतो आणि खंगलेली गुरं हाकून नेतो. मागच्या साली यमुनेची गाय अशीच गेली होती. तिने वाढवलेली कालवड तेवढी राहिली होती आणि सासूने हेडीला आधीच निरोप दिला होता, शिमग्यानंतर ये म्हणून. "उपाशी मारण्यापरीस गेलेली बरी," म्हातारी म्हणायची. तिच्या परीने ती दयाच होती.

यमुना मला बाजूला घेऊन म्हणाली, "ताई, ही कालवड माझ्या हातावर वाढलीय. तुमच्या खड्ड्यानं ती ऱ्हाती का, तेवढं सांगा."

मी राहते म्हटलं. चाचांनी कालवडीच्या मानेचा वास घेतला आणि खाली ठेवलेल्या गाडीकडे पायवाटेने निघाले.

यमुनेने भाताच्या बांधांवर चवळी टोकली, मोरीच्या पाण्यावर हत्ती गवत लावलं. गोठ्यामागच्या उतारावर मुरमात खड्डा खणला. भाद्रपदात मारवेल फुलोऱ्याला आला, उघडीप मिळाली, तेव्हा गवत कापून कातळावर सुकत टाकलं. सगळं माझ्या यादीप्रमाणे चाललं होतं. यादीत एकच गोष्ट बसेना. खड्डा दाबणार कोण? वाडीला गाडीची वाट नव्हती. बैल घातले, तर शेणमूत आत जाणार. पुरुष सगळे पुण्यामुंबईला, आणि जे दोन-चार होते, ते गवत तुडवायला लाजत होते.

"गौरी कवा बसत्यात?" चाचांनी विचारलं.

"उद्या आणायच्या, परवा पूजन," यमुना म्हणाली.

"आन झिम्मा-फुगडी?"

"परवाच की. वाडीतल्या समद्या जणी येत्यात आमच्या अंगणात."

चाचा खड्ड्याकडे बघत राहिले. "अंगण हितं आणायचं," ते म्हणाले.

त्यांना ते कसं सुचलं, हे विचारण्याची गरज नव्हती. भोरला त्यांच्या आळीत गौरीच्या खेळाला चाची दर साली जात आणि फुगडीत त्यांना कुणी दमवू शकत नसे. चाचा ओट्यावर बसून बघत आणि शेवटी जमीन कशी घट्ट झाली ते सांगत.

पूजनाच्या दिवशी दुपारी वाडीतल्या झाडून साऱ्या बायका खड्ड्यात उतरल्या. चाचा काठावर हंडा घेऊन उभे होते. पाय धुतल्याशिवाय एकीलाही आत सोडत नव्हते.

"का रं डायवर, आमचं पाय वंगाळ हैत व्हय?" म्हातारीने काठावरूनच विचारलं.

"पाय न्हाई मावशी, चपला वंगाळ. पाय आज गौरीचं हैत."

म्हातारीने खड्ड्याकडे बघून नाक मुरडलं आणि ती काठावरच राहिली. मग कुट्टीचा एक थर पडे, गुळाचं पाणी शिंपडलं जाई आणि वर झिम्मा सुरू होई. नऊवारीचे ओचे खोचलेल्या बायका गवतात घोट्यापर्यंत रुतत, टाळ्या देत, फेर धरत. थर खाली बसला की दुसरा. चाचा ओरडत होते, "कडंला, कडंला! मधी समद्याच नाचत्यात, हवा कडंला लपून बसती!" फुगडीच्या जोड्या मग कडेकडेने गरगरल्या. यमुनेला नाव घ्यायला लावलं, तेव्हा ती घामाने निथळत म्हणाली,

"खाली मारवेल, वर चवळी,
किसनरावांच्या गोठ्यात गाय माझी कवळी."

इतका दाबलेला खड्डा मी पुढे कधी बघितला नाही, ट्रॅक्टरने दाबलेलासुद्धा. संध्याकाळ व्हायच्या आत कागद अंथरला. त्याच्या कडा चाचांनी स्वतः आत दुमडून दाबल्या आणि चारही कोपरे मी तपासले. मग माती, दगड. त्या दिवसाचा वास मला अजून आठवतो. गूळ, ठेचलेलं गवत, बायकांच्या गजऱ्यांतली फुलं. चाचा जाऊन आता बरीच वर्षं झाली. कुठे ताजी कुट्टी चाललेली दिसली की मी गाडी थांबवते आणि काच खाली करते.

शिमगा झाल्यावर आम्ही खड्डा उघडायला गेलो, तेव्हा हेडी आधीच आलेला होता. ओट्यावर बसला होता, खांद्यावर दोर, हातात चहाचा कप. कालवडीच्या बरगड्या दिसायला लागल्या होत्या. वाडीतली माणसं जमली होती. म्हातारी दाराशी उभी होती.

माती सारली, दगड काढले, कागद एका बाजूने उचलला. आणि आधी वास आला. कुजका, काळा वास. त्या कोपऱ्यातला चारा शेणासारखा झाला होता, वर पांढरी बुरशी.

"आरारा," हेडी म्हणाला. "हे खाऊन कालवड गाभडंल, यमुनाबाई. डायवरानं डायवरकी करावी." दोन-तीन जण हसले. यमुना हसली नाही, रडलीही नाही. ती कालवडीच्या खुंट्याकडे बघत होती.

चाचा गुडघ्यावर बसले. त्यांनी त्या काळ्या गोळ्यात कोपरापर्यंत हात घातला, काहीतरी मुठीत धरून बाहेर काढलं आणि मी शेजारी होते म्हणून मूठ जराशी उघडली. आत ओढ्यातली वाळू होती, गोल गोल खडे आणि तेरड्याचं एक वाळकं देठ.

तो खड्डा मुरमाचा. तिथे वाळू कुठून येणार? पण तेरड्याच्या गौरी ओढ्यावर बोळवल्या की घरची बाई तिथली वाळू आणते आणि घरात, गोठ्यात, भाताच्या कणगीत टाकते. गौर जाताना बरकत ठेवून जाते, ती कुठेही कमी पडू नये म्हणून. ज्या खड्ड्याला सगळ्यांसमोर नाक मुरडलं होतं, त्यातही कुणीतरी गुपचूप कागदाचा कोपरा उचलून बरकत टाकली होती. मग कोपरा तसाच राहिला आणि परतीच्या पावसाचं पाणी आत गेलं.

मी वर बघितलं. म्हातारीचं लक्ष चाचांच्या मुठीकडे होतं. तिने चौकट घट्ट धरली होती.

चाचांनी मूठ मिटली आणि हात सरळ कोटाच्या खिशात घातला. उठून उभे राहिले आणि मोठ्याने म्हणाले, "माझी चूक. ह्या कोपऱ्याचा कागद आत दाबायचा राहिला माझ्याकडनं."

तो कोपरा मी स्वतः तपासला होता. मी तोंड उघडलं. चाचांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी ते मिटलं.

"चाचा," यमुना म्हणाली. "साऱ्या वाडीला नाचवलंत. आन एक कोपरा नीट दाबता न्हाई आला?"

"न्हाई आला, पोरी."

तिने पाठ फिरवली. चाचांनी ते ऐकून घेतलं, घमेलं ओढलं आणि काळा चारा काढून बाहेर टाकायला लागले. कुणी मदतीला आलं नाही. मी फावडं घेतलं. एक घमेलं, आणखी एक. हेडीने चहा संपवून दोर खांद्यावरून हातात घेतला. काळ्याखाली तपकिरी निघालं. चाचांनी ते हुंगलं आणि फेकलं. आणखी आत गेल्यावर त्यांचा हात थांबला. त्यांनी मूठभर चारा वर उचलून धरला. पिवळसर हिरवा, मऊ, चवळीची पानं अजून ओळखू येणारी. आंबूस गोड वास काठापर्यंत आला आणि हसणारे वाकून बघायला लागले. कड वाया गेली होती. बाकी खड्डा मुरला होता.

यमुनेने पाटी भरून कालवडीसमोर ठेवली. कालवडीने नाक लावलं, फुरफुरली आणि तोंड फिरवलं.

"बघा," हेडी म्हणाला. "मुक्या जनावराला कळतं."

यमुनेने पाटी पुढे सरकवली. कालवड मागे सरली. मी सांगत होते की सवय नसते, पहिल्या दिवशी असंच होतं, पण ऐकायला कुणी थांबलं नव्हतं. हेडी उठून खुंट्याकडे निघाला.

तेव्हा म्हातारी दारातून हलली. ती हेडीला ओलांडून गोठ्यात आली, खाली बसली, पाटीतला चारा ओंजळीत घेतला आणि चोळला. मग पदराच्या गाठीतले मिठाचे खडे काढून त्यात फोडले आणि ओंजळ कालवडीच्या तोंडाशी धरली. "घे माय," ती म्हणाली. "तुझ्यासाठीच हाय. घे."

कालवडीने आधी मीठ चाटलं. मग बोटांमधली पानं. मग ओंजळीत तोंड घातलं. म्हातारीने हात हळूहळू खाली पाटीत नेला आणि कालवडीचं तोंड त्याच्यामागे गेलं. बराच वेळ फक्त चघळण्याचा आवाज येत होता.

"चहा झाला न्हवं?" म्हातारी हेडीकडे न बघता म्हणाली. "मग उठा. लांब जायाचंय तुमाला."

"मावशी, तुमीच निरोप दिलावता."

"आता हा दुसरा निरोप."

हेडी दोर गुंडाळत खाली उतरला. यमुना कालवडीच्या मानेवर हात ठेवून उभी होती, आता ती रडत होती, आणि मध्येच चाचांना म्हणाली, "कागद दाबाय पुढल्या साली मी स्वतः बसणार. तुमच्यावर इस्वास न्हाई." चाचा म्हणाले, "नगाच ठिवू."

आम्ही उघडा भाग झाकून, रोज किती थर काढायचा ते सांगून पायवाटेने जीपकडे निघालो. वाडीच्या शेवटच्या घराशी मागून हाक आली. म्हातारी आली होती, एकटीच. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग चाचांच्या कोटाच्या खिशाकडे, मग जमिनीकडे.

"डायवर," ती म्हणाली, "पुढल्या गौरीला वाळू वरनं टाकली, कागदाच्या वरनं, तर चालंल का?"

"वरनं टाका की मावशी. मातीच्याबी वरनं टाका."

"पर आतल्या चाऱ्याला पोचंल का?"

"पोचंल," चाचा म्हणाले. "गौरीचं समदीकडं पोचतं. हवा तेवढी पोचू देऊ नगा."